गोळ्यांचं मेण

तापाने फणफणलो होतो, तेव्हा दिघी बंदरातल्या एका मासेमार चाचांनी मला घरी नेऊन पेज पाजली. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मी मेळघाटातला, शाळा अर्ध्यावर सोडलेला. इथे लोखंडी गेटांना पावडर कोटिंग करतो, म्हणजे रंगाची पूड भट्टीत तापवून चढवतो.

चाचा घरीच शिसं वितळवून पागाच्या, म्हणजे हाताने पाण्यात फेकायच्या जाळ्याच्या, गोळ्या ओतायचे. दोरी सरकावी म्हणून प्रत्येक भोकात मेण चोळायचे. बोटं काळी व्हायची. मला वाटलं, रंग चढवला तर बोटं काळी होणार नाहीत; आपण एवढं तरी करावं. हट्टाने गोळ्या नेल्या आणि भट्टीत घालून निळ्याशार करून आणल्या.

चाचांनी एक उजेडात धरली. "झ्याक दिसतात रे बेटा! पन पान्यात बघनार कोन?"

पावडरीने भोकं बुजली होती. दाभणाने कोरली, तर त्या कडांनी दोरी कापली जाऊ लागली. शेवटी त्यांनी सगळ्या पुन्हा वितळवल्या. बाकीचे मासेमार उधाणाची भरती साधून मासे धरायला गेले. चाचा धुरात खोकत बसले, आणि वर मलाच विचारलं, "तू जेवलास काय?"

तो खोकला अजून कानात आहे. गावी गेलो की आमच्या रानातल्या मधाच्या पोळ्याचं मेण आणीन, आणि त्यांच्या साऱ्या गोळ्यांना माझ्याच बोटांनी चोळून देईन.