चौकाकडची खिडकी

काल सुट्टीसाठी हॉटेल शोधताना मोबाईलवर ‘शहराच्या मध्यभागी’ असं वाचलं आणि बाबांच्या दुर्बिणीच्या पट्ट्याचा घामट वास आठवला. बाबा मोहर्लीच्या जंगलात सफारी गाईड होते, जिप्सीतून कोणाला खाली उतरू द्यायचे नाहीत. माझ्या लहानपणी एकदा आम्ही सुट्टीत नागपूरला गेलो, तेव्हा त्यांनी हट्टानं भर चौकातल्या हॉटेलात खोली घेतली. म्हणाले, "पाणवठ्यापाशी बसलं का सारं जंगल आपल्यापाशी येते."

मग सकाळभर आम्ही खिडकीत चिडीचूप. दोन वळू दिसले, एक वरात, एक ट्रॅफिक पोलीस. शेवटी आई कडाडली, "अवो, इथी वाघ नाई! खाली उतरलं तरी चालते!"

डोळ्यांवरची दुर्बीण न काढता बाबा कुजबुजले, "हळू बोल. पोलीस पळून जाईन."

तेव्हा मला त्यांची लाज वाटली होती. काल हॉटेलवाल्याला मी एवढंच विचारलं, "चौकाकडं खिडकी आहे ना?"