भावकीतली चिप

आणि पुन्हा तेच... दादा गावभर सांगत सुटला आहे की मी भिलाईत चिपांवरची धूळ पुसतो. दोस्तांनो, नववी नापास असलो तरी इथे कर्नल माझ्याच हातून मेमरीच्या चिपवर चढतो, त्यालाच बर्निंग म्हणतात. कर्नल म्हणजे इलेक्ट्रॉनिक कार्डाचा कारभारी... कोणतं काम आधी, कोणतं मागून, ते तो ठरवतो.

गेल्या महिन्यात क्रेनवर वजन मोजणारी पाच कार्डं टेबलावर आली. एक जुनं, ते झकास चाललं. नवी चार मात्र चालू केली की लगेच बंद.

आमचे इंजिनिअर काळेसाहेब वर्ध्याकडचे. ते माझ्यावरच घसरले. "बर्निंग कच्चं करून राहिला तू. शनिवारपर्यंत चाललं नाही तर सोमवारी येऊ नको."

मी चालत्या कार्डातली मेमरीची चिप उपटली अन् बंद कार्डात बसवली. तरी ते बंदच. म्हणजे माझं बर्निंग पक्कं होतं, खोट दुसरीकडे होती.

मग भिंग घेऊन प्रोसेसरचे नंबर वाचत बसलो. जुन्यावर सरळ नंबर, नव्या चारांवर त्याच नंबरात मधे दोन अक्षरं जास्त. साहेबांना दाखवलं.

"एकाच फॅमिलीचे आहेत रे ते."

"फॅमिली नाही साहेब, भावकी. आडनाव एक, पण वाटणीत विहीर एकालेच आली असन तर?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी जाडं पुस्तक काढलं... त्या दोन अक्षरांचा अर्थ असा की दशांशाचं गणित करणारा भाग या नव्या प्रोसेसरमध्ये नाहीच. आणि कार्डात काय काय आहे याची जी यादी आमच्या कर्नलमध्ये असते, तिच्यात त्या भागापुढे 'आहे' लिहिलेलं. दर वेळी काम बदललं की कर्नल तिकडे जायचा आणि तिथेच आपटायचा.

साहेबांनी नव्या कार्डांसाठी वेगळी यादी केली. त्या ओळीत 'नाही', गणित सॉफ्टवेअरकडे. मी मेमरीच्या चारही चिपा पुन्हा बर्न केल्या... शनिवारी दुपारी चारही कार्डं चालू.

"कावून रे, नववीत कशात नापास झाला तू?" साहेबांनी विचारलं.

"गणितात, साहेब."

सगळं वर्कशॉप हसलं, साहेबही. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माझी होती, पोराची नव्हती." असं म्हणणारा साहेब मी पहिल्यांदा पाहिला.

रोजंदारी संपली, आता महिन्याचा पगार आहे. पहिला कालच मिळाला... घरी मनीऑर्डर केली, चारशे रुपये.