भूक लागेपर्यंत

अकोल्याच्या वैद्यबुवांनी माझी नाडी धरली आणि म्हणाले, "आमदोष आहे. लंघन करा." आमदोष म्हणजे न पचलेलं अन्न पोटात साचणं. लंघन म्हणजे उपाशी राहणं. मी तापानं अर्धवट शुद्धीत. पुढचं त्यांनी माझ्या धाकट्या भावाला, गोविंदाला, बाजूला घेऊन सांगितलं.

विलायतेला कापूस कमी पडला होता, तेव्हाची गोष्ट. सगळं वऱ्हाड गाड्या भरून बाजाराला निघालेलं. आमच्या गावच्या गाड्यांत म्होरची गाडी माझी. बाप गेल्यापासून तिच्यावर दुसरा कोणी बसला नव्हता.

घरी आलो. ताप उतरला आणि भूक लागली. तव्यावर भाकर पडली की तोंडाला पाणी सुटे. बायकोनं ताट केलं. गोविंदानं ते उचललं.

"दादा, हे भूक खोटी हाये. आता जेवले त ताप उलटते, वैद्यबुवा म्हणे."

"अन् खरी कोणती?"

"ते मी सांगीन ना तुमाले."

सख्खा भाऊ. मी ऐकलं. पोट ओरडत होतं, त्याला खोटं पाडलं आणि गरम पाणी पिऊन पडून राहिलो.

बायको म्हणे, "भावजी, माणूस हाये का मिरच्या? वाळवून राहिले त्याईले!" मीच तिला गप्प केलं. पुढं पुढं भूकच लागेना. गोविंदा म्हणाला, "पाहा, दोष गेला."

गाड्या निघाल्या तेव्हा मला उंबरा ओलांडवला नाही. म्होरच्या गाडीवर गोविंदा होता. डोक्यावर माझं पागोटं.

तो परतला तसं बायकोनं मला त्याच गाडीत घातलं आणि त्यालाच अकोल्याला हाकायला लावली. मला पाहून वैद्यबुवा कडाडले, "अहो, भूक लागेपर्यंतच लंघन! भूक लागली की मुगाचं कढण, मग मऊ भात. याला दोनदा बजावलं होतं!"

मी गोविंदाकडे पाहिलं. "काहून रे?"

तो खाली पाहत म्हणाला, "तुमी मले कधी म्होरं बसू देल्लं?"

कढणावर जीव वाचला. वैद्यबुवांचे उपकार आहेत, बायकोचे त्याहून जास्त.

तुमच्यावर पाळी आली तर वैद्याचं बोलणं स्वतःच्या कानांनी पुरतं ऐका. पोटाला कोणी खोटं म्हणालं तर मानू नका. भूक लागली की खा, भरलं की हात धुवा.

मी तसंच करतो. सणाला गोविंदा पोळी वाढायला येतो. "दादा, एक घ्या न." तो ताटावर वाकला की माझी भूक जाते.

तेही मी ऐकतो. हात धुतो.