काकूंच्या बाजूची काच

तेलकाकांना तेलकाका म्हणायला पहिल्यांदा कुणी सुरुवात केली ते आता कुणाला आठवत नाही, पण नाव चुकलंय असं म्हणायची कुणाची छाती नाही. अडतीस वर्षं हा माणूस शिलाई मशिनी दुरुस्त करतोय आणि अडतीस वर्षं त्याच्या शर्टाच्या खिशात लांब चोचीची तेलाची कुपी आहे. दुकानात मशीन आली की आधी दोन थेंब तेल, मग चाक हाताने फिरवून कान लावायचा, आणि मगच तोंड उघडायचं. शेजारच्या न्हाव्याची कात्री, पोस्टमनच्या सायकलची घंटी, कुणाच्या फाटकाची कडी, सगळ्यांवर एकच इलाज. "मी जरा कुरकुरले तरी हे आधी खिशात हात घालतात," असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि काका ते शिफारसपत्र वाचून दाखवल्यासारखं खुशीत ऐकत.

गेल्या वर्षी काकूंना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून बऱ्या होऊन आल्या, पण बंद जागेचा त्यांनी धसकाच घेतला. न्हाणीघराचं दार नुसतं लोटायच्या, कडी लावायच्या नाहीत. बसचं नाव काढायची सोय उरली नाही. आणि त्यांची थोरली बहीण, ताई, दोन तासांच्या अंतरावर एकटी राहणारी. ताईंना ऐकू अजिबात येत नाही, त्यामुळे फोनचा काही उपयोग नाही. त्या ओठ बघून बोलणं ओळखतात, आणि सगळ्यात चांगले ओळखतात ते धाकट्या बहिणीचे. म्हणून दर रविवारी काका आपल्या दोन दारांच्या जुन्या गाडीतून काकूंना तिकडे न्यायचे. काकूंची अट एकच होती, आपल्या बाजूची काच पूर्ण खाली हवी.

ती काच कुरकुरायला लागली. हँडल दोन्ही हातांनी फिरवावं लागे, काच मध्येच तिरकी होई. काकांना तर आनंदच झाला. अशी चालून आलेली संधी ते कशाला सोडतील? काच ज्या रबरी चॅनलमधून सरकते त्यात दोन्ही बाजूंनी मशीनचं तेल सढळ हाताने सोडलं. काच लोण्यासारखी खाली आली. काका आठवडाभर मिशीतल्या मिशीत हसत होते.

दुसऱ्या रविवारी खाणीजवळच्या वळणावर पुढच्या ट्रकने एवढी धूळ उडवली की समोरचं दिसेना.

"अगं, काच घे वर. दोन मिनिटांचा प्रश्न आहे. मी आहे ना," काका म्हणाले.

काच वर गेली आणि तिथेच बसली. काकूंनी हँडल फिरवलं, काकांनी गाडी बाजूला घेऊन फिरवलं, दाराला थापा मारल्या, शेवटी काचेला दोन शिव्या दिल्या. काच हलेना. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. दार उघडून त्या उतरल्या आणि रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसून राहिल्या. काकांच्या बाजूची काच उघडी होती, वारा येत होता, पण नुसत्या वाऱ्याने काय होणार? त्यांना स्वतःचा हात बाहेर काढता यायला हवा होता.

"घरी चला," अर्ध्या तासाने काकू एवढंच म्हणाल्या. परतीची वाट त्यांनी आपल्या बाजूचं दार हाताने किलकिलं धरून काढली.

संध्याकाळी ताईंच्या शेजारणीचा फोन आला. ताई सकाळी अकरापासून दारात उभ्या होत्या, जेवल्याही नव्हत्या. काकूंनी फोन खाली ठेवला. "मी आता नाही जायची. वाट बघायला लावायची आणि जायचं नाही, त्यापेक्षा हे बरं," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. पुढचे दोन रविवार त्या खरंच गेल्या नाहीत. घरात दोन माणसं आणि बोलायला कुणीच नाही, अशी काकांची अवस्था झाली.

काका तणतणत गॅरेजवाल्याकडे गेले. त्याने दारात वाकून बघितलं, चॅनलमधून बोट फिरवलं आणि काळ्या चिखलाने माखलेलं बोट काकांसमोर धरलं.

"काका, तेल घातलंत ना? तेलाने रबर फुगतं. वर धूळ बसते. मग काच दाबली जाते."

"मला तेल शिकवतोस?" काकांचा पारा चढला. "तुझ्या जन्माच्या आधीपासून तेलात हात आहेत माझे!"

गॅरेजवाला शहाणा. त्याने वाद घातला नाही. दुसऱ्या एका गाडीचं काढून टाकलेलं जुनं रबर दिलं आणि म्हणाला, "घरी नेऊन बघा."

काकांनी ते इरेला पेटूनच नेलं. बोटभर लांबीचे सहा तुकडे कापले, टेपने मोजून सारखे केले आणि दुकानाच्या खिडकीत काचेच्या वाट्यांत मांडले. एकाला मशीनचं तेल, एकाला ग्रीस, एकाला साबणाचं पाणी, एकावर अंगाला लावायची पावडर, एक कोरडाच. सहाव्यावर गॅरेजवाल्याने त्याच्याकडच्या महागड्या सिलिकॉन स्प्रेचा एक फवारा मारून दिला होता. मशिनी दुरुस्तीला घेऊन आलेल्या बायका विचारायच्या, "काका, हे काय वाळत घातलंय?" काका कुणाला दाद लागू देत नव्हते.

आठ दिवसांनी त्यांनी टेप लावला. साबणाचा तुकडा वाळून कर्रकर्र करत होता. पावडर ओल्या फडक्याने एका फटक्यात निघून गेली. ग्रीसवर धुळीचा थर बसला होता. कोरडा तुकडा होता तेवढाच राहिला होता, पण त्यावर बोट अडत होतं. स्प्रेचा तुकडा होता तसा, मऊ आणि कोरडा. आणि मशीनच्या तेलातला तुकडा चांगला दोन दोरे, म्हणजे पाव इंच, लांब झाला होता, जाडही झाला होता. काकांनी चष्मा पुसून पुन्हा मोजला. मग तिसऱ्यांदा. मग तो तुकडा खिशात घालून दुकान बंद केलं आणि भर दुपारी घरी आले.

काकू धान्य निवडत होत्या. काकांनी तुकडा त्यांच्यासमोर ठेवला.

"काच मी अडकवली," ते म्हणाले. "माझ्या तेलाने. गाडीचा दोष नाही."

काकूंनी तुकडा उचलून बघितला, काकांकडे बघितलं. अडतीस वर्षांत या माणसाने तेलाविरुद्ध एक शब्द काढला नव्हता. त्या उठल्या आणि चहा टाकला, दोघांचा.

आता प्रश्न उरला स्प्रेचा. डबा एवढा महाग की काकांच्या जिवावर आलं. सहावा तुकडा ते पुन्हा पुन्हा बोटांत चोळून बघत होते. वास नाही, ओलावा नाही, तरी बोट सटकतंय. हे बोटांना कुठेतरी ओळखीचं होतं. आणि एकदम त्यांनी कपाळावर हात मारला. कारखान्यातल्या वेगवान मशिनींत दोरा तापून तुटतो, म्हणून तो आधी नमद्याच्या, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरी कापडाच्या, तुकड्यातून ओढतात, आणि त्या नमद्यावर थेंबभर सिलिकॉन सोडतात. ती बाटली त्यांच्याच वरच्या फळीवर होती. काका तिला तेलांत धरतच नव्हते. दोऱ्याचं औषध म्हणून बिचारीला कोपऱ्यात टाकलेलं. किंमत म्हणाल तर स्प्रेच्या दहाव्या हिश्श्याइतकीसुद्धा नाही.

त्यांनी सातवा तुकडा कापला आणि बाटलीतलं लावून चार दिवस ठेवला. एका दोऱ्याचाही फरक पडला नाही.

गॅरेजवाल्याने नवं रबर बसवून दिलं. काकांनी ओल्या फडक्याने काच आणि चॅनल पुसून कोरडं केलं, लाकडी पट्टीला नमदा गुंडाळला, त्यावर चार थेंब टाकले आणि पट्टी चॅनलमधून वरून खाली ओढली. जास्तीचं पुसून घेतलं. हात तेलाच्या कुपीकडे दोनदा गेला होता, हे ते स्वतः कबूल करतात.

घरी येऊन मात्र "मी आहे ना" असं ते म्हणाले नाहीत. गाडी दारात लावली, किल्ली काकूंच्या हातात दिली आणि म्हणाले, "तूच बघ. मी आत बसतो."

काकू एकट्या गाडीत बसल्या, दार उघडंच ठेवून. काच वर, काच खाली. मग दार लावून वर, खाली. काका पडद्याआडून मोजत होते. एकवीस वेळा.

रविवारी ताईंनी दारातच दोघांना धारेवर धरलं. चेहऱ्याला काय झालंय, वजन का उतरलंय, महिनाभर कुठे मेला होतात. मग दोघी बहिणी खुर्च्या समोरासमोर ओढून बसल्या त्या चार तास. मध्ये कुणी बोललेलं दोघींनाही चाललं नाही. काका ओट्यावर पेपर वाचत होते, म्हणजे तोच पेपर तिसऱ्यांदा.

परत निघाले तेव्हा ऊन उतरलं होतं. अर्ध्या वाटेवर हवेत गारवा आला. काकूंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. काकांनी ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. स्टिअरिंगवरचे हात घट्ट झाले तेवढंच.

हँडल फिरल्याचा आवाज आला. काच सावकाश वर गेली आणि बंद झाली. कुणीही सांगितलं नव्हतं. काकूंनी ती उघडून बघितली नाही. डोकं काचेला टेकवलं आणि पाच मिनिटांत झोपून गेल्या.

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी गाडीचा वेग कमी केला आणि रस्त्यावरचा एकेक खड्डा चुकवत घर गाठलं.