तीन मोजणारे हबीब मिस्त्री

हबीब मिस्त्रींशी कोणी बोलू लागलं की ते हातातला पाना खाली ठेवत, समोरच्याचं सगळं ऐकून घेत, मनात तीन मोजत आणि मगच तोंड उघडत. दिग्रसच्या ज्या जिनिंगमध्ये माझे वडील कापसाचे बोजे उचलत, तिथल्या इंजिनाचे ते मिस्त्री. त्या गडगडाटात सगळे एकमेकांवर ओरडत असताना हा माणूस शांत उभा राही. शेठ त्यांना बहिरा समजत. मिस्त्रींनी तो गैरसमज कधी दूर केला नाही. त्याचे फायदे होते.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आम्ही बौद्ध झाल्याला तीन-चार वर्षं झाली होती आणि वडिलांना मला रसायनशास्त्रज्ञ करायचं होतं. म्हणजे नक्की काय करायचं, हे त्यांना आणि मला सारखंच ठाऊक होतं. शास्त्राच्या विद्यार्थ्याने जर्मन घ्यावं असं कोणीतरी म्हणालं, मी घेतलं. प्राध्यापक जर्मन इंग्रजीतून शिकवत. त्यामुळे दोन भाषा एकाच तासात न समजण्याची सोय झाली होती. नापास झालो तर शिष्यवृत्ती बंद, आणि मीही बोजे उचलायला.

सुट्टीत वडिलांनी मला मिस्त्रींपुढे उभं केलं. तरुणपणी मिस्त्रींनी इंजिन बसवायला आलेल्या एका जर्मन फिटरच्या हाताखाली दोन हंगाम काढले होते. त्यांना वाचता येत नव्हतं. जर्मन येत होतं.

"कुठं अडलं?"

"चाचा, ते क्रियापद... म्हणजे..."

एक, दोन, तीन.

"म्हंजे काय? बोल. मी काही पळून नाही राह्यलो."

वाक्य पुरं करायची मला सवयच नव्हती. शेठसमोर वडील "जी, ते उद्याच्या सुट्टीचं..." एवढंच म्हणत. पुढचं शेठ बोलत, स्वतःच्या सोयीने. घरातून मी तेवढंच शिकलो होतो.

"तुहं ते किर्यापद म्हंजे आपला मुनीम," मिस्त्री म्हणाले. "जर्मन वाक्यात पह्यल्या खुर्चीवर कोणीबी बसो. शेठ बसो, दलाल बसो, नाहीतर 'उद्या' बसो. मुनीम दोन नंबरलेच."

"आणि 'कारण' आलं तर?"

"मंग मुनीम उठून शेवटी, दाराशी. तुह्या मराठीसारखा. अर्धी भाषा तं तुले मायनंच शिकवली, कॉलेजात कायले चालला?"

तीन मोजण्याचं कारण त्यांच्या डाव्या हातावर होतं: मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग. फिटरने वाफेच्या झडपेबद्दल काही सांगायला सुरुवात केली होती. उघड की बंद कर, हे जर्मनमध्ये शेवटच्या शब्दावर कळतं. "त्याचा तो शब्द यायच्या पह्यले माहा हात पोचला. लई हुशार होतो ना मी!"

ही शिकवण मी इमानाने तोंडी परीक्षेत वापरली. परीक्षकांनी विचारलं, मी तीन मोजले. तेवढ्यात ते दुसऱ्या प्रश्नावर गेले. तिसरा प्रश्न विचारला तेव्हा मी पहिल्याचं उत्तर देत होतो, तेही बरोबर. त्यांनी मला नापास केलं.

मी थेट जिनिंगमध्ये गेलो. "चाचा, तुमच्या त्या तीन मोजण्यानं मी नापास झालो! ऑक्टोबरात पुन्हा बसायचं आहे, आणि तेव्हाही बुडालो तर बापाशेजारी बोजे उचलताना मी रोज तुमचं नाव घेईन!"

मिस्त्रींनी पाना ठेवला. तीन मोजले.

"अबे, तू तं अख्खं बोलला! पह्यल्यांदा! पोट्ट्या, तीन मी माह्या हातासाठी मोजतो. तुले कोणी भाजलं? दुसऱ्याचं संपेपर्यंत थांबाचं, बस. तुहं कोणी तोडलं तं तू काहून थांबतो?"

मग रोज दुपारी त्यांनी मला चालू इंजिनाशेजारी उभं करून जर्मन वाक्यं शेवटपर्यंत ओरडायला लावली. हमाल हसून बेजार. वडील तेवढे हसत नसत. बोजा पाठीवर घेऊन घटकाभर ऐकत थांबत.

ऑक्टोबरात परीक्षक तेच होते. जर्मन का शिकतोस, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "कारण..." ते म्हणाले, "हो हो, रसायनशास्त्रासाठी. पुढे."

"नाही, सर," मी जर्मनमध्येच म्हणालो. "माझं बोलणं संपलं नाही. कारण वडिलांच्या जिनिंगमधला एक मिस्त्री, ज्याला वाचता येत नाही, ही भाषा माझ्याहून चांगली बोलतो आणि मला लाज वाटते."

दोन चुका झाल्या असाव्यात. पण त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही.

निकाल लागला तोवर जिनिंगमध्ये विजेची मोटर आली होती. इंजिन भंगारात गेलं आणि मिस्त्री उमरखेडला मुलीकडे निघाले. मी धावत स्टँडवर पोचलो तेव्हा ते एस.टी.च्या पायरीवर होते आणि कंडक्टरने घंटी ओढली होती.

"चाचा, मी..."

मिस्त्रींनी भाजलेला हात दारात आडवा धरला. "थांब बे कंडक्टर! पोट्ट्याचं बोलणं व्हाचं आहे."

"मी पास झालो, चाचा. आणि वडील काल शेठशी सुट्टीबद्दल बोलले. सगळं बोलले."

अख्खी गाडी खोळंबली. मिस्त्रींनी सावकाश तीन मोजले.

"मंग पेढे काहून नाही आणले?"