पाँटिॲकचं तोंड

मोटारीच्या तिसऱ्या मॉडेल-किटाचा खोका फोडून जोलीननं त्यातली गाडीच्या तोंडावरची जाळी प्लॅस्टिकच्या चौकटीतून अलगद कापून काढली, रेझिनच्या इवल्याशा पाँटिॲकच्या नाकाशी धरली आणि बापापुढे नेली. एल्डन रेकरनं चष्मा कपाळावर सरकवला, मान तिरकी करून पाहिलं, कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाला, "नाही. ही नव्हती."

"डॅड, गेल्या रविवारी तूच म्हणालास. कॅडिलॅकची. गोळ्यागोळ्यांची जाळी. तुझेच शब्द आहेत हे."

"म्हणालो असेन. आता बघतोय ना? ही नव्हती."

"मग कोणती होती?"

"दात होते तिला," एल्डन म्हणाला. "डिसोटोचे दात."

जोलीननं जाळी टेबलावर ठेवून दिली. हातात राहिली असती तर मोडलीच असती. सुरुवात तर दातांपासूनच झाली होती. आधी डिसोटो गाडीच्या जाळीचे उभे, दातांसारखे दांडे. ते आणले तर 'छे छे, स्टुडबेकरची पट्टी होती.' ती आणली तर 'कॅडिलॅक.' आणि आता फिरून गाडी दातांवर.

"दात त्या डबीत आहेत," ती म्हणाली. "ऑगस्टपासून."

"मग प्रश्नच मिटला की," एल्डन म्हणाला आणि त्यानं बेसबॉलच्या सामन्याचा आवाज वाढवला.

जोलीन लायमा शहरातल्या एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवायची. सव्वीस-सत्तावीस वर्षं ती हेच करत आली होती, त्यामुळे घट्ट बसत नाही, टोचतं, हिरडीला लागतं, असल्या तक्रारींची तिला सवय होती. नवरा सोडून गेल्यावर ती बापाच्या घरी राहायला आली, आणि हिवाळ्यात करायला काही हवं म्हणून मोटारींची मॉडेलं जुळवायला लागली. गावातल्या चर्चच्या तळघरात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मॉडेलवाल्यांचा क्लब जमायचा. बाकी सगळे पुरुष. पहिल्या दिवशी त्यांनी तिला बिस्किटांचं ताट घेऊन आलेली कुणाची तरी बायको समजून खाण्याचं टेबल दाखवलं होतं. आता तिच्या रंगकामाला कुणी नावं ठेवत नसे.

बापाची पाँटिॲक करायचं तिच्या मनात कित्येक वर्षं होतं. बावन्न सालची गाडी. एल्डननं तारुण्यात तिचं छप्पर कापून खाली बसवलं होतं, दारांच्या मुठी काढून भोकं बुजवली होती, मागे पॅकार्डचे दिवे लावले होते आणि रंग दिला होता पिकल्या आलुबुखारासारखा. जोलीनच्या जन्माआधी त्यानं ती विकली. उरला एक फोटो. त्यात गाडीच्या नाकाला टेकून आई उभी, घेरदार झगा पसरून. त्या झग्यामागे गाडीचं तोंड जे गडप झालं ते कायमचंच. जोलीन कधी कुरकुरली तर एल्डन म्हणायचा, "मी त्या वेळी गाडीचा फोटो काढत नव्हतो." आई जाऊन आता बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे त्यावर उलट बोलायची सोय नव्हती.

ह्या गाडीचं किट कुठल्याच कारखान्यानं काढलेलं नव्हतं. केंटकीतला एक माणूस घरच्या घरी रेझिन ओतून तिची नुसती बॉडी बनवतो, असं कळलं. नुसती बॉडी म्हणजे अक्षरशः टरफल. चासी, इंजिन, चाकं, आतल्या गाद्या, सगळं दुसऱ्या किटांतून काढून घ्यायचं. असल्या किटाला ही मंडळी 'दाता' म्हणत. दाता नीट निवडला तर अर्धं काम झालं. चुकला तर आगीतून फुफाट्यात.

"शेवरले घे, एक्कावन्नची," क्लबातला ग्लेन शूपर छातीठोकपणे म्हणाला होता. ग्लेन निवृत्त पोस्टमन. जगातल्या प्रत्येक गाडीबद्दल त्याला काही ना काही ठाऊक असायचं, आणि त्यातलं निम्मं बरोबरही असायचं. "पाँटिॲकची सख्खी बहीण ती. डोळे मिटून बसेल."

जोलीननं डोळे उघडे ठेवून बसवली, तरी बसली नाही. पुढची चाकं जागेवर आली तर मागची मडगार्डच्या कमानीत मधोमध न येता पुढे सरकून बसली.

"बहीण आहे, पण धाकटी," पुढच्या शनिवारी ती ग्लेनला म्हणाली. "उंचीला कमी. पाँटिॲकची चासी लांब असते, हे सांगायचं राहिलं तुझं."

"अगं, तांदळाच्या दाण्याएवढा तर फरक!"

"एका दाण्याएवढी कवळी चुकली तर माणूस जेवत नाही, ग्लेन."

"तुझी गाडी कुठे जेवायला बसणार आहे?"

सगळे हसले. जोलीनही हसली, पण घरी येऊन तिनं चासी मधोमध कापली, मध्ये पट्टी घालून लांब केली, आणि वाळल्यावर पाहते तर ती केळ्यासारखी वाकलेली. पुन्हा कापली. तेवढ्यात दुसरीच भानगड निघाली. रेझिन घट्ट होताना आकसतं. त्यामुळे शेवरलेचा डॅशबोर्ड आत जाईना. तो दोन्ही बाजूंनी कानसून आत घातला तर गाद्या वर यायला लागल्या. छप्पर कापलेलं, म्हणून कुठल्याही दात्याची काच पुढे बसेना. शेवटी बेकरीतल्या गोड 'पाय'च्या खोक्याचं पारदर्शक झाकण कापून तिनं काच केली. तिला गोंदाचा डाग पडला. दुसरी काच करायची म्हणून दुसरा 'पाय' विकत आणावा लागला. एल्डननं दोन्ही 'पाय' खाऊन संपवले आणि सफरचंदाचा अधिक चांगला होता, असा निकाल दिला.

हे सगळं तिनं सोसलं. प्लॅस्टिक आडमुठं असतं, पण आपला शब्द फिरवत नाही. बापाचं तसं नव्हतं. जाळीचा घोळ तिसऱ्या फेरीत आला, तेव्हा वैतागाच्या तळाशी तिला भीती दिसायला लागली. एल्डन अठ्ठ्याहत्तरचा होता. म्हाताऱ्याच्या डोक्यातलं पुसलं जायला लागलंय की काय?

त्या आठवड्यात घेवड्याचं सूप आणि मक्याचा ब्रेड खाताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "डॅड, आपल्या जुन्या घराशेजारी कोण राहायचं रे?"

"नीसे. का?"

"असंच. आणि त्यांच्या कुत्र्याचं नाव?"

एल्डननं चमचा खाली ठेवला. "ड्यूक. आज मंगळवार आहे. काल तू मीट लोफ केला होतास आणि तो कोरडा झाला होता. आणखी काय विचारायचंय? शंभरातून सात-सात वजा करून दाखवू?"

"मी तसं काही..."

"माझं डोकं तपासतेस? माझ्याच टेबलावर?"

"मग काय करू?" जोलीनचा आवाज चढला. "तीन वेळा विचारलं, तीन उत्तरं दिलीस! मी वेड्यासारखी एकेका जाळीसाठी अख्खी किटं फोडत बसलेय. एक गाडी, एक तोंड, डॅड! किती अवघड आहे आठवायला?"

"तू गाडीत कधी बसली नाहीस," एल्डन म्हणाला, "आणि मला सांगतेस तिचं तोंड!" सूप अर्धं टाकून तो आपल्या खोलीत गेला. पुढचे काही दिवस घरात दोघांचं बोलणं 'दूध संपलं' आणि 'फोन आहे' एवढ्यावर आलं.

त्या गाडीला हात लावलेला आणखी एकच माणूस हयात होता: वर्डन क्लाइन. छप्पर कापलं तेव्हा वेल्डिंग त्यानं केलं होतं. तो फिंडलीच्या वृद्धाश्रमात होता, आणि एल्डनचं नि त्याचं कशावरून तरी फाटल्याला तीस वर्षं झाली होती. बापाला न सांगता जोलीन शनिवारी तिकडे गेली.

वर्डन दिवाणखान्यात दोन बायकांबरोबर पत्ते खेळत होता. अंगानं चिमणीएवढा, आवाज मात्र भोंग्यासारखा. जोलीननं पिशवीतून टरफल काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यानं ते उलटंपालटं केलं, छपराच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"छपराचा मागचा खांब जरा जास्त उभा आहे," तो म्हणाला. "आमचा कललेला होता. पण चालेल."

खांब! तो जोलीनच्या ध्यानीमनीही नव्हता. तिनं तो विषय तिथेच पुरला. "वर्डन, पुढची जाळी कोणती होती? एवढंच सांगा. डिसोटो, स्टुडबेकर की कॅडिलॅक?"

"कोणत्या वर्षी?"

"म्हणजे?"

"अगं पोरी, तुझा बाप गाडी चालवायचा कमी, कापायचा जास्त. पहिले डिसोटोचे दात लावले. ते त्यानं कुणाच्या तरी टपालपेटीच्या खांबावर घातले. मग स्टुडबेकरची पट्टी आणली भंगारातून. डेटनच्या पोरांनी तिला मिशी म्हणून चिडवलं, तर हिवाळ्यात ती उखडली. मग कॅडिलॅक. ते तुझ्या आईला आवडायचं नाही. म्हणायची, गाडीनं बंदुकीच्या गोळ्या खाल्ल्यात." बायका हसल्या. वर्डनला चेव चढला. "म्हणून पुन्हा डिसोटोचे दात! दुसरा जोड. मी म्हटलं, एल्डन, आता माझ्याच्यानं होणार नाही, पत्र्यात पत्रा उरला नाही."

जोलीन खुर्चीत मागे टेकली. तीनही उत्तरं खरी होती. चौथंसुद्धा. बापाचं डोकं शाबूत होतं, ह्याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्यामागोमाग असा संताप आला की तिला हसू की ओरडू कळेना.

"मग विकली तेव्हा कोणती होती?"

"कोणतीच नाही. दात पुन्हा काढले होते त्यानं. आणखी काहीतरी डोक्यात होतं, काय ते मलाही बोलला नाही. तेवढ्यात तुझी चाहूल लागली. पुढे नुसतं भोक, तशीच विकली." वर्डननं टरफल परत दिलं. "म्हातारा बरा आहे ना?"

"बरा आहे. हट्टी आहे."

"मग बराच आहे," वर्डन म्हणाला आणि त्यानं हुकुमाचं पान टाकलं.

घरी आल्या आल्या जोलीननं टीव्ही बंद केला.

"मी वर्डनला भेटले."

एल्डननं चष्मा कपाळावरून खाली ओढला. मग म्हणाला, "लबाड पत्ते खेळतो अजून?"

"विषय बदलू नकोस. चार वेळा बदललीस तू ती जाळी! मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस, कोणती होती. जी आठवली ती सांगितली. कधी, ते तू विचारलं नाहीस."

"कॅडिलॅक दाखवली तर म्हणालास, ही नव्हती!"

"तू ती नाकावर उलटी धरली होतीस."

उलटी धरली होती की नाही, हे आता देवच जाणे. जोलीननं तीनही जाळ्या टेबलावर ओळीनं मांडल्या. "बस झालं. एक सांग. कोणती बसवू?"

एल्डननं त्या पाहिल्या. एकेक उचलून नाकाशी धरली, खाली ठेवली. डिसोटोचे दात त्यानं सगळ्यांत जास्त वेळ धरले. मग म्हणाला, "उघडंच ठेव."

"काय?"

"विकली तशी. भोक."

"तीन किटं फोडली मी, डॅड. शेवरलेचं धरून चार. भोकासाठी?"

"तू विचारलंस म्हणून सांगितलं."

एल्डनची बाजू जोलीनला कळत नव्हती असं नाही. अपुरी राहिलेली गाडी पुरी करायचा हक्क दुसऱ्या कुणाला द्यायला तो तयार नव्हता. पण महिनोन्‌महिने कानस तिनं चालवली होती, बोटं तिची सोलली होती.

"नाही," ती म्हणाली. "विकलीस तेव्हा तुझी गाडी संपली. ही माझी आहे. मी दात लावणार."

"लाव. कवळ्याच करतेस ना दिवसभर!" एल्डननं टीव्ही पुन्हा लावला.

तिनं दात लावले. त्यांची सरळ रांग रेझिनच्या वळणात बसेना, म्हणून प्रत्येक दात सुटा करून वेगवेगळा चिकटवला. मधला एक उडून गालिच्यात गेला आणि गुडघ्यांवर रांगून तो शोधावा लागला. मागचा खांब कलता करायला गेली तर छपराला तडा गेला. तड्यात पुट्टी भरून, घासून, नव्यानं रंग दिला. मागचं चाक शेवटपर्यंत मधोमध आलं नाही.

एप्रिलमध्ये क्लबाचं प्रदर्शन झालं. कोलंबसहून आलेल्या परीक्षकानं वाकून पाहिलं आणि नेमकं चाकावर बोट ठेवलं. "चाक कमानीत पुढे बसलंय. आणि हा डिसोटोचा तुकडा बावन्नच्या पाँटिॲकवर जरा कल्पनाविलास वाटतो."

जोलीननं नुसती मान हलवली. तिच्यात वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. पण मागच्या खुर्चीवरून एल्डन उठला.

"कल्पनाविलास? मी स्वतः लावले होते ते दात! दोनदा!"

"सर, मी फक्त म्हटलं की..."

"आणि चाकाचं म्हणशील तर, माझ्या गाडीचंही पुढेच होतं. वर्डन क्लाइननं वेल्डिंग केलं होतं, सरळ कसं असेल?"

हे साफ खोटं होतं. ग्लेन शूपर मागे उभा राहून खोकल्याच्या मिषानं हसत होता. परीक्षकानं वहीत काहीतरी खोडलं आणि तो पुढच्या टेबलाकडे गेला. बक्षीस एका लाल फायर ट्रकला मिळालं.

परतताना जोलीन गाडी चालवत होती, एल्डन मांडीवर पाँटिॲकचा खोका धरून बसला होता. गावाबाहेरच्या धान्यकोठ्या मागे पडल्या तरी तो पुन्हा पुन्हा झाकण उचलून आत पाहत होता.

"बोल," जोलीन म्हणाली. "काय ते बोलून टाक."

"काही नाही," एल्डन म्हणाला. "स्टुडबेकरची पट्टी लावली असतीस तर जास्त शोभली असती."

जोलीननं रेडिओ लावला. थोड्या वेळानं तिनं तो हळू केला आणि विचारलं, "डॅड, शेवटी लावणार काय होतास तू त्या भोकात?"

एल्डन खोक्याच्या झाकणावरून बोट फिरवत राहिला. "तेच तर," तो म्हणाला. "जमलं असतं की नाही, कुणास ठाऊक." आणि मग सबंध रस्ताभर, दोन्ही हात वापरून, तो तिला ते समजावून सांगत होता. एका ट्रकची जाळी, उलटी करून, मधून कापून. जोलीनला त्यातलं निम्मंही डोळ्यांसमोर येत नव्हतं, आणि तो ट्रक कुठल्या किटात मिळेल ह्याचा विचार करायचा नाही, असं तिनं मनाला बजावलं.