रंगाऱ्याचा उजवा हात

आमचे हे रंगारी. गावभरच्या भिंती चकाचक करतात, पण आमच्या स्वयंपाकघराचं छत अजून रंगाच्या पहिल्याच हातावर आहे. दुसऱ्या हाताला साहेबांना सवड नाही! असा हा माणूस पन्नाशी उलटल्यावर एका संध्याकाळी खांद्याला गिटार अडकवून घरी आला. ज्या घराचं काम चाललं होतं तिथे माळ्यावर धूळ खात पडली होती म्हणे. मालक म्हणाला, घेऊन जा.

"हे काय नवीन खूळ?" मी विचारलं.

"पोरीच्या लग्नात वाजवणार," हे म्हणाले. "आणि तू गाणार."

मी भांडी आदळली. न्यूमोनियातून उठल्यापासून मी गाणं सोडलं होतं. आवाज शाबूत होता, दम पुरत नव्हता. ओळ अर्धी होते न होते तोच धाप लागायची. आणि लेक हटून बसलेली: "आई, भांडी घासताना म्हणायचीस ते गाणं मला लग्नात हवं. दुसरं काही देऊ नकोस." चारचौघांत एकटीने उभं राहून धापा टाकायच्या? मी साफ नाही म्हटलं होतं. त्यावर ह्यांनी परस्पर तोडगा काढला. एकटी कशाला, मी असेन की शेजारी.

असाल हो, पण वाजवता कुठे येतं?

वाद्यांच्या दुकानामागच्या खोलीत एक मास्तर शिकवायचे. हे कामावरून थेट तिथे, कानशिलाला पुट्टी तशीच. डाव्या हाताची बोटं पटकन वळली. भिंती घासून घासून कातडी आधीच टणक. घोडं अडलं उजव्या हाताशी. तारांवरून हात असा फिरवायचा होता: खाली, खाली-वर, वर-खाली-वर. की पुन्हा पहिल्यापासून, मध्ये थांबायचं नाही. ह्यांचं खाली-वर झकास. पण एक फेरी संपली की हात आपसूक मांडीशेजारी खाली जायचा, मनगट वळायचं, गिटारच्या कडेवर टक् करून आपटायचं आणि मग पुढची फेरी.

मी एकदा मुद्दाम बघायला गेले होते. मास्तर बिचारे चक्रावलेले. "पेंटरसाहेब, हे मध्येच काय करता?"

मला हसू आवरेना. "अहो मास्तर, ब्रश बुडवतायत ते! डब्यात बुडवला, काठावर निथळवला, की पुन्हा भिंत."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "इथे रंग संपत नाही हो! हात चालू ठेवा."

मग काय, घरात नुसता उच्छाद. जेवताना ताटाच्या कडेवर खाली-वर, झोपताना उशीवर खाली-वर. एका गिऱ्हाइकाच्या भिंतीवर तर त्याच चालीत ब्रश मारून आले. उन्हं आल्यावर पट्टे दिसायला लागले, सगळी भिंत पुन्हा रंगवली. मी चिडून म्हटलं, "आधी पोटापाण्याचा हात सांभाळा!" पण खरं सांगते, बरं वाटत होतं. माझ्यासाठी एवढा कोणी कधी खपला नव्हता.

लग्न जवळ आलं तेव्हा डबा सुटला. फेरीमागून फेरी, कुठे खंड नाही. मास्तरांनी पाठ थोपटली. माझ्याबरोबर सराव मात्र एकदाही झाला नाही, कारण मी शेवटपर्यंत हो म्हटलंच नव्हतं.

हॉलमध्ये जेवणं आटोपली आणि लेकीने सगळ्यांसमोर मला हाताला धरून उभं केलं. तिचा चेहरा बघून नाही म्हणवेना. हे शेजारी खुर्चीवर, इस्त्रीच्या शर्टात, घामाघूम. वाजवायला लागले. पहिली ओळ मी कशीबशी निभावली. दुसरीच्या मध्यावर छातीत काही उरलं नाही. गिटार पुढे पळतेय आणि मी मागे, तोंड उघडं. संपलं, म्हटलं. झाली शोभा.

आणि ह्यांचा हात खाली गेला. मांडीशेजारी. मनगट वळलं. टक्.

तेवढ्यात मी श्वास घेतला. राहिलेली अर्धी ओळ गायले. पुन्हा दम संपत आला, पुन्हा टक्. ह्यांनी मान वर केली नाही, पण कान माझ्याकडेच होते. असं करत करत अख्खं गाणं तडीला गेलं. लेक रडत होती आणि हसतही होती. टाळ्या थांबेनात.

मास्तर पुढे आले, जरा हिरमुसलेच. "ऐन वेळी विसरलात ना पेंटरसाहेब?"

"जुनी खोड हो, जाते कुठे!" हे ओशाळं हसले.

मलाही तेच खरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडी घासत होते, हे बाहेरच्या खोलीत वाजवत बसले होते. मी ऐकत राहिले. खाली, खाली-वर, वर-खाली-वर. फेरीला फेरी सलग जोडलेली. टक् कुठेच नाही.

माझे हात साबणात तसेच राहिले. डोळे भरून आले. मग मी आतूनच ओरडले, "अहो, डबा कुठे ठेवलात?"

गिटार थांबली. टक्.

मी श्वास घेतला आणि गायला लागले.